वैनगंगेवर नेलेल्या दोन लेन्स

सिमेंटच्या कारखान्यात मी क्रशरवर होतो. खाणीतून आलेला चुनखडीचा दगड जिथे फोडतात, तिथे. नोकरीला लागलो तेव्हा कानात कापूस घालायचो, पुढे कंपनीने कानाला लावायची टोपणं दिली. ती लावली की सोबत्याचं बोलणं ऐकू यायचं नाही, म्हणून आम्ही काढून खिशात ठेवायचो. निवृत्त व्हायच्या आधीच माझ्या कानातून बारीक आवाज निघून गेले होते. आधी पाखरं गेली, मग कुकरची शिटी, मग लहान मुलांचं बोलणं. बायकोचा आवाज बराच काळ पुरला. मग तोही शब्द गाळायला लागला.

निवृत्तीनंतर आम्ही गडचांदूरलाच घर करून राहिलो. मुलगी पुण्यात असते. तिला बाळ झालं तेव्हा बायको तिकडे गेली आणि बाळ रांगायला लागलं तरी तिकडेच राहिली. तिचं काही चुकलं नाही. मुलगी आणि जावई दोघं नोकरी करणारे, बाळाकडे कोणीतरी लागतंच. मीही काही महिने जाऊन राहून आलो. पण त्या फ्लॅटमध्ये संध्याकाळी सगळे एकदम बोलायचे. मी ह्याच्या तोंडाकडे पाहीपर्यंत तो बोललेला असायचा आणि तिच्या तोंडाकडे वळेपर्यंत सगळे हसलेले असायचे. मग मीही हसायचो, थोडा उशिरा. एकदा जावयाच्या लक्षात आलं. त्याने तीच गोष्ट माझ्यासाठी पुन्हा सांगितली, मोठ्याने, सावकाश. पुन्हा सांगितलेल्या गोष्टीला हसणं फार कठीण असतं. मी परत आलो. घराकडे पाहायला कोणी नको का, असं कारण दिलं.

कॅमेरा मुलीने पाठवला. मिररलेस म्हणतात तो, हलका, सोबत कॅमेऱ्याच्याच कंपनीची साधी लेन्स. "बाबा, घरात बसून राहू नका," असा मेसेज. फोनवर मला बोलता येत नाही, त्यामुळे आमचं सगळं मेसेजवरच चालतं. बायको रोज विचारते, "जेवले का?" मी लिहितो, "हो. तुम्ही?" ती अंगठा पाठवते.

आमच्या जिल्ह्यात कॅमेरा घेतलेल्या माणसाला सगळे एकच विचारतात, वाघ काढला का? मीही गेलो होतो एकदा जंगलात, कारखान्यातल्या जुन्या मंडळींबरोबर जिप्सीत बसून. एका वळणावर गाइडने बोट वर केलं आणि गाडी थांबली. सगळे श्वास रोखून बसले. कुठेतरी चितळ ओरडत होतं म्हणे, म्हणजे वाघ जवळच होता. सगळ्यांच्या माना एकदम डावीकडे वळल्या, मग उजवीकडे, आणि मी मात्र त्यांच्या मानांकडे पाहत बसलो. वाघ दिसला नाही. दिसला असता तरी तो मला दुसऱ्यांनीच दाखवला असता. त्या दिवशी ठरवलं, आपण न ओरडणाऱ्या गोष्टींचे फोटो काढायचे. डोंगर, तळी, शेतं, नदी.

माणिकगडच्या डोंगरापासून सुरुवात केली. तिकडच्या शेतांत कापूस फुटलेला असायचा, मागे डोंगर, आणि मधे कुठेतरी कारखान्याचं धुराडं. फोटोत काहीच मावत नसे. डोंगर घेतला तर शेत सुटायचं, शेत घेतलं तर डोंगराचं डोकं कापलं जायचं. दुपारी घरी बसून मी मोबाईलवर व्हिडिओ पाहायचो, खाली अक्षरं येतात तसले. सगळे फोटोग्राफर एकच सांगत होते, लँडस्केपला वाइड लेन्स हवी. त्यांच्याकडे बर्फाचे पर्वत होते आणि समुद्र होते. मला वाटलं, आपलं अडलंय ते इथेच.

म्हणून चंद्रपूरला गेलो. किल्ल्याच्या दरवाजाच्या आत एक दुकान आहे, लग्नाचे फोटो काढणारी पोरं तिथून लेन्स भाड्याने नेतात. दुकानदार चाळिशीचा, जाड मिश्यांचा. त्या मिश्यांमुळे त्याचे ओठ वाचता येईनात. मी कानातलं मशीन दाखवलं तेव्हा तो काउंटरवरून पुढे वाकला.

"टायगरसाठी पाहिजे ना, काकाजी?"

"नाही. लँडस्केपसाठी."

"लँडस्केप?" त्याने मागे बसलेल्या पोराकडे पाहिलं. "आपल्या इथी कायचा लँडस्केप?"

मी पिशवीतून कॅमेरा काढून काउंटरवर ठेवला. मग त्यालाच वाईट वाटलं असावं. त्याने दोन लेन्स काढून माझ्यासमोर ठेवल्या. एक बुटकी, समोरची काच फुगीर. ती वाइड. दुसरी लांबट, ती टेली, दूरचं जवळ आणणारी. वाइड माझ्या कॅमेऱ्याला लावून त्याने मला दाराबाहेर उभं केलं. आख्खा रस्ता, दोन्हीकडची दुकानं, वरचं आभाळ, किल्ल्याचा दरवाजा, ऑटोवाले, सगळं त्या चौकटीत आलं. मी थक्क झालो.

"सगळं येते हिच्यात," तो म्हणाला. "फक्त लहान होऊन येते."

मग टेली लावून त्याने दरवाजाच्या दगडातलं नक्षीकाम दाखवलं. चांगलं होतं, पण माझं मन बुटक्या लेन्सवरच होतं. तो म्हणाला, "काकाजी, लगेच घेऊ नका. दोन्ही घेऊन जा भाड्यानं. दोन-चार दिवस फिरा, मग सांगा."

पावसाळा सरत आला होता. धान निसवायला, लोंब्या धरायला लागलं होतं. मी मूल, सावली ही गावं करत एसटीने गेलो आणि वैनगंगेच्या पुलाअलीकडे उतरलो. पलीकडे गडचिरोली जिल्हा. पुलावरून फोटो सगळेच काढतात, म्हणून मी नदीच्या काठाकाठाने वरच्या अंगाला चालत निघालो. वाटेत एक गाव लागलं, त्यात न शिरता मी बांधावरून थेट पात्रात उतरलो. गावात शिरलो असतो तर पुढचं काही घडलं नसतं. त्या सकाळी गावात दवंडी दिली होती की वरच्या धरणाचे दरवाजे उघडलेत, नदीत कोणी जाऊ नये.

काठाजवळ घोट्याएवढ्या पाण्याची एक धार होती. ती ओलांडली की वाळूचा लांबलचक दांडा, त्याच्यापलीकडे मुख्य प्रवाह. दांड्यावर वाळूला लाटांच्या रेघा पडल्या होत्या आणि एका काळ्या खडकाभोवती त्या वळून गेल्या होत्या. मला हवं होतं ते हेच. मी ट्रायपॉड खाली बसवला, वाइड लावली. वारा चांगला होता. वाऱ्यात कानातलं मशीन नुसतं घोंघावतं, पत्र्यावर पाऊस पडावा तसं. मी ते काढून डबीत ठेवलं. मग अगदी शांत झालं.

त्या शांततेबद्दल लोकांना वाटतं की ती चांगली असेल. कधी कधी असतेही. त्या सकाळी खडक, वाळू, नदी आणि मी, एवढंच जग होतं, आणि त्यात माझं काही कमी पडत नव्हतं. मी मनाशी म्हटलंसुद्धा, हे बरं आहे, असंच राहावं.

फोटो काढत असताना चौकटीच्या उजव्या कडेला एक लाल ठिपका आला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर तांदळाच्या कणीएवढा. काठावरची कोणी बाई असेल असं वाटलं. एवढ्या सुंदर रिकाम्या फोटोत तो लाल ठिपका खटकत होता, म्हणून मी कॅमेरा थोडा डावीकडे वळवला. ठिपका गेला. मी दोन फोटो काढले. ठिपका पुन्हा आला. मी पुन्हा वळवला. आता मला थोडा राग यायला लागला होता. एवढी मोठी नदी पडलीय, बाईने नेमकं इथेच का यावं? ती निघून जाईल म्हणून मी हात बांधून पडद्याकडे पाहत थांबलो. ती गेली नाही. ठिपक्याला हात फुटले. ते वर होते आणि हलत होते.

मी मान वर केली तेव्हा ती बाई माझ्यापासून हाकेच्या अंतरावर होती. लाल लुगड्याचा काष्टा, गुडघ्याच्या वरपर्यंत भिजलेली, पळत येत होती. तोंड उघडं होतं, म्हणजे ती ओरडत होती. तिने येऊन माझा दंड धरला आणि मागे बोट दाखवलं. मी ज्या धारेतून घोटे भिजवत आलो होतो, ती आता मातकट होऊन फुगली होती आणि तिच्यात झाडाच्या फांद्या वाहत होत्या.

मी ट्रायपॉड मिटायला लागलो. तिने तो तसाच उघडा उचलून खांद्यावर घेतला आणि दुसऱ्या हाताने मला ओढलं. पाणी मांड्यांना लागलं, मग कमरेला. पायाखालची वाळू सरकत होती. माझी एक चप्पल गेली, मग दुसरीही. मधे माझा तोल गेला तेव्हा तिची पकड इतकी घट्ट झाली की नंतर आठवडाभर दंडावर निळे वळ होते. काठाच्या बाजूने तिचा नवरा छातीभर पाण्यात बांबू धरून उभा होता. त्या बांबूला धरून आम्ही बाहेर आलो.

आम्ही काठावर बसलो. ती दोघं माझ्याकडे पाहून बोलत होती, रागावलेली होती हे दिसत होतं. मी डबी उघडून मशीन कानात घातलं. नशीब, डबी कोरडी होती.

"...कवाची आवाज देऊन राह्यली मी! काऊन नाई आयकत म्हनलं हा मानूस?"

मी कानाकडे बोट केलं. म्हटलं, "बाई, मला ऐकू येत नाही."

ती नवऱ्याकडे वळून म्हणाली, "पाह्य. मामाजीसारकंच."

आणि त्यानंतर ती माझ्याशी वेगळ्याच तऱ्हेने वागायला लागली. बोलायच्या आधी गुडघ्याला हात लावायची, मी पाहिलं की मगच बोलायची, आणि ओरडायची नाही. इतक्या वर्षांत कोणी माझ्याशी असं बोललं नव्हतं. माझ्या घरच्यांना हे कोणी शिकवलं नव्हतं आणि मीही कधी सांगितलं नाही. मला तरी कुठे ठाऊक होतं?

ही ढिवरांची माणसं, नदीवर आणि गावतळ्यात मासे धरणारी. नदीला पाणी येणार म्हणून जाळी काढायला आली होती. त्यांची झोपडी काठावर उंचावर होती. तिच्यासमोर बाजेवर तिचा सासरा बसला होता, तिने म्हटलेले मामाजी ते हेच. म्हातारा अगदी ठार बहिरा. त्याने मला नखशिखांत पाहिलं, अनवाणी पाय पाहिले आणि बाजेवर सरकून जागा केली. बाईने काळा चहा आणून दिला. आम्ही दोघं नदीकडे तोंड करून बसलो. पाणी वाढत होतं. मी ज्याच्याजवळ उभा होतो तो काळा खडक आधी निम्मा झाला, मग दिसेनासा झाला. म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहून एकदा मान हलवली. मीही हलवली.

थोड्या वेळाने मी ट्रायपॉडवरचा कॅमेरा काढून पुसायला घेतला. तो भिजला नव्हता. वाइडवर शिंतोडे होते म्हणून ती काढून ठेवली आणि पाठीवरच्या पिशवीतली टेली लावून नदीकडे पाहिलं. पलीकडच्या काठावर माणसं जमली होती, पूर पाहायला येतात तशी. म्हाताऱ्याने हात पुढे केला. मी पट्टा त्याच्या गळ्यात घातला आणि डोळा कुठे लावायचा ते दाखवलं. तो बराच वेळ पाहत राहिला. मग एकदम मोठ्याने, बहिरी माणसं बोलतात तशा आवाजात म्हणाला, "माही पोरगी आहे थे!"

सून हसली. मला हात लावून सांगितलं, "ननंद आहे माही. पलीकडं देली. पन एवढ्या दूरून का दिसते जी?"

"थेच आहे," म्हातारा ओरडला. "हिरव्या लुगड्यातली. पोट्टं काखेत आहे."

सुनेने डोळा लावून पाहिलं. पाहता पाहता तिचा चेहरा बदलला. तिने झोपडीतून मोबाईल आणला, नंबर लावला आणि बोलायला लागली. एकीकडे बोलत होती, एकीकडे माझ्यासाठी तोंड वळवत होती म्हणून मला कळलं. "तू काठावर उभी आहेस ना? हव. मामाजी पाहून राह्यले तुले. अवो, कॅमेऱ्यातून! हात कर. हात कर ना, बाई!"

तिने कॅमेरा पुन्हा म्हाताऱ्याच्या डोळ्याला लावला. मला पलीकडे नुसते ठिपके दिसत होते. पण मी म्हाताऱ्याकडे पाहत होतो. तो आधी स्थिर होता. मग त्याचा मोकळा हात आपोआप वर गेला आणि हलायला लागला. त्याला फोनवर लेकीचं ऐकू येत नव्हतं. सून मला नंतर म्हणाली, पावसाळ्यात नदी भरली की पुलावरून वळसा घालून जावं लागतं, म्हाताऱ्याला तेवढं जमत नाही, त्यामुळे बापलेकीची भेट पार उन्हाळ्यातच होते. तिकडून लेक काय बोलत होती कोण जाणे. इकडे बाप नुसता हात हलवत होता. थांबतच नव्हता. शेवटी लेक मागे वळून घराकडे गेली असावी, कारण त्याने कॅमेरा खाली केला आणि डोळे पुसले. मग कॅमेरा माझ्या मांडीवर ठेवून तो नदीकडे पाहत बसला.

मी दुपारी निघालो. बाईने नवऱ्याच्या जुन्या चपला दिल्या. नको म्हटलं तर म्हणाली, "रस्त्यावर गिट्टी आहे जी, कसे जाल?" म्हातारा उठला नाही. त्याने माझ्या पाठीवर एकदा हात ठेवला.

घरी पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. बायकोचा मेसेज होता, "जेवले का? कुठे गेले होते?" मी लिहिलं, "नदीवर. फोटो चांगले आले." बाकीचं लिहायला घेतलं आणि खोडलं. ती घाबरली असती, मुलगी मला पुण्याला न्यायला आली असती. शिवाय ज्याने ऐकायचं त्याच्या तोंडाकडे पाहत सांगावं अशी ती गोष्ट होती. अंगठा आला.

मग कॅमेऱ्यातले फोटो पाहिले. वाइडचे खरोखर देखणे होते. रेघा, खडक, मोठं आभाळ. एकात उजव्या कडेला तो लाल ठिपका होता, हात वर केलेला. पुढच्यात नव्हता, कारण मी कॅमेरा वळवला होता. मी तो ठिपका मोठा करून पाहिला. मोठा केल्यावर नुसते लाल चौकोन झाले. चेहरा नव्हताच त्याच्यात. माझ्यासाठी कोणी इतकं धावत आलेलं मला आठवत नाही, आणि जी आली तिला मी फोटो बिघडतो म्हणून बाहेर काढत होतो. त्या रात्री भाजी गरम करायचीही इच्छा झाली नाही.

चंद्रपूरला लेन्स परत करायला गेलो तेव्हा दुकानदाराने फोटो कॉम्प्युटरवर लावले. वाइडचा फोटो पाहून तो खुर्चीत सरळ बसला. "वा, काकाजी! आपल्याच नदीचा आहे हा?" मग कडेला बोट ठेवून म्हणाला, "हा ठिपका तेवढा उडवून टाकू? एका मिनिटात जाईल."

"राहू द्या," मी म्हटलं, आणि त्याला सगळं सांगितलं. लेकीने हात केला तेही. दुकानात दोन गिऱ्हाईकं होती, तीही ऐकत होती. खूप दिवसांनी मी एवढं सलग बोललो. दुकानदार काउंटरच्या बाहेर येऊन माझ्या समोर उभा राहिला.

"मग? कोणती घेता?"

"टेली."

"लँडस्केपले तर वाइडच..." त्याने वाक्य सोडून दिलं आणि लांबट लेन्स डब्यात घालून दिली.

ती लेन्स मला शिकायला वेळ लागला. वाइडमध्ये उभं राहिलं की चित्र तयार असतं. टेलीत आधी शोधावं लागतं. सपाट मुलखात ती दूरचे डोंगर एकमेकांना चिकटवून देते, धानाच्या बांध्या, ती बांध घातलेली शेतं, पायऱ्यांसारखी रचते, पळसाच्या एका झाडाला सगळ्या शिवारातून वेगळं काढते. मी आता चौकट आभाळाने भरत नाही. आधी लेन्स सगळीकडे फिरवतो, कुठे कोण आहे ते पाहतो, मग डोंगराकडे वळतो.

बायको दिवाळीला आठ दिवस येऊन गेली. तिला फोटो दाखवले, नदीचं सांगितलं. ती माझ्याकडे पाहत राहिली. मग काहीतरी म्हणाली, पण मान खाली घालून, त्यामुळे मला कळलं नाही, आणि पुन्हा विचारायला धीर झाला नाही. बाळाला दात येत होते, ती परत गेली.

परवा सिंदेवाहीकडच्या एका तळ्यावर गेलो होतो. धान कापून झालं होतं, तळ्यावर धुकं होतं. त्यातून एक माणूस सायकल हाताने ढकलत तळ्याच्या पाळीवरून, बांधावरून, चालला होता, मागे मडकं बांधलेलं. मी त्याला लेन्समध्ये धरून ठेवलं. तो तळ्याच्या टोकाला पोहोचला, वळला, बाभळीआड गेला. मी थोडा वेळ तिथेच डोळा लावून थांबलो. मग डबा उघडला, पोळी-भाजी खाल्ली आणि एसटी धरायला रस्त्याकडे निघालो.